मावशींनी सही केली नाही

"आई, तळं कुठं गेलं गं?"

गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्या लेकीनं विचारलं. मोबाइलवर तिनं फोटो पाहिले होते. निळंशार पाणी, काठाला रंगीबेरंगी तंबू, मागे हिरवे डोंगर आणि वर ठळक अक्षरांत 'मिनी काश्मीर'. आमच्यासमोर मात्र भेगाळलेला तांबडा उतार होता. त्यावर कडेला कलून टेकलेल्या दोन बोटी, आणि पार खाली, लांबवर, पाण्याची एक चकाकती पट्टी. गेल्या एप्रिलचा शेवटचा आठवडा होता तो. शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या, सांगलीत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, म्हणून म्हटलं चला, मावशींकडे दोन दिवस राहून येऊ.

मावशी दारातच उभ्या होत्या. लेकीचा प्रश्न त्यांनी ऐकला आणि हसून म्हणाल्या, "तळं तुमच्याच सांगलीला गेलंय की, बाळा! आन् उरल्यालं चिपळूनला."

मैत्रिणींनो, तेव्हा मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण त्यात विनोद थोडा होता, हिशेब जास्त होता.

मावशींची आणि माझी ओळख वीस वर्षांची. २००४ च्या डिसेंबरात आमच्या भिशीच्या चौदा जणी पहिल्यांदा घराबाहेर पडल्या. नवऱ्यांशिवाय, मुलांशिवाय! सासूबाईंची परवानगी काढण्यात ज्या लटपटी आम्ही केल्या, त्यावर वेगळा लेख होईल. महाबळेश्वर पाहून झालं, आणि कुणीतरी म्हणालं, खाली तापोळ्याला जाऊ, तिथं कोयनेचं तळं आहे. पंचवीस-तीस किलोमीटर घाटानं उतरलो आणि शिवसागर समोर आलं. बोटीत बसलो, कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या जिथं मिळतात तो संगम पाहिला, आणि भुकेनं कासावीस होऊन पलीकडच्या काठावरच्या एका घरात शिरलो. "चौदा जणींचं जेवण होईल का हो?" घरातल्या बाईनं आमच्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि चूल पेटवली. नाचणीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, तळ्यातल्या माशाचं कालवण आणि भात. तसं जेवण मी पुन्हा कुठं जेवले नाही. तेव्हापासून त्या आमच्या मावशी. त्यांच्या गावाचं नाव मुद्दामच देत नाही. का ते पुढं कळेलच.

आता या तळ्याची गोष्ट थोडी सांगायला हवी. कारण आपण तिथं जातो, फोटो काढतो, 'अय्या, काय सुंदर' म्हणतो आणि परत येतो. तळं देवानं केलेलं नाही. हेळवाकजवळ कोयना नदीवर धरण बांधलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं आणि जावळी, पाटणच्या खोऱ्यातली शंभरएक गावं पाण्याखाली गेली किंवा उठली. १०५ टीएमसीचं धरण. महाराष्ट्राच्या घराघरात वीज आली ती इथून. आपल्या आज्यांनी पहिल्यांदा बटण दाबून दिवा लावला तेव्हा इथल्या आज्या डोक्यावर जातं घेऊन डोंगर चढत होत्या. मावशींच्या सासूबाई सांगायच्या, देव आधी नेले, मग वासे, मग गुरं. शेवटी कुणीतरी परसातली तुळस मुळासकट उपटून नेली, ती वर खडकात जगलीच नाही.

निम्मी भावकी सरकारनं दिलेल्या जागी गेली. कुणी ठाणे-रायगडला, कुणी सोलापूरकडे, एक शाखा आमच्या सांगली जिल्ह्यात. जे गेले नाहीत ते पाण्याच्या वर, उतारावर सरकून बसले. मावशींचं घर त्यांतलं. नीट बसतात न बसतात तोच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली त्यात. पुनर्वसनाचे प्रश्न तर अजून मिटलेले नाहीत. २०१८ साली प्रकल्पग्रस्तांनी डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हा त्यात पिकल्या केसांची नातवंडंही होती. धरणासाठी उठलेल्यांची तिसरी पिढी!

उतारावर भात पिकत नाही, म्हणून पुरुष मुंबईला गेले. माथाडी, गिरणी, हॉटेल. मावशींचे मालक मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. घरात बायका, म्हातारी आणि पोरं. बाळंतीण अडली तर लाँचमधून पलीकडे नेईपर्यंत जीव टांगणीला. मावशींची एक जाऊ अशीच पाण्यावर गेली. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, मीच मान फिरवली.

आणि मग, ज्या पाण्यानं सगळं नेलं, त्याच पाण्याकडे बघायला लोक येऊ लागले.

सुरुवात वासोट्याच्या ट्रेकर पोरांनी केली. मग महाबळेश्वरची जोडपी उतरू लागली. २०१२ मध्ये कासच्या पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलं बघायला आलेल्या गाड्या पुढं बामणोलीपर्यंत उतरू लागल्या. गावकऱ्यांनी मिळून बोटी घेतल्या, नंबर लावून फेऱ्या वाटून घेतल्या. मुंबईहून मालक परत आले, आयुष्यभराची पुंजी एका बोटीच्या वाट्यात आणि दोन खोल्यांत घातली. मावशींनी बचत गटाच्या बारा जणींना गोळा करून जेवणाची जबाबदारी घेतली. एकीनं भाकरी, एकीनं मासे, एकीनं खोल्यांची झाडलोट. "नवऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट बघायची सवय मोडली बगा," असं त्या म्हणायच्या, आणि त्या वाक्यातला तोरा मला फार आवडायचा.

मग आता बोटी चिखलात का? धंदा बसला कसा?

मावशींची सून पदवीधर आहे. वहीत सगळं मांडून ठेवते. तिनं मला वर्षाचं गणित दाखवलं. जून ते सप्टेंबर पाऊस. बोटी बंद, वासोटा बंद, घाटात दरड, वीज नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खरा हंगाम, पण तोही शनिवार-रविवारचा. सोमवार ते शुक्रवार खाटा रिकाम्या. मार्चपासून पाणी उतरायला लागतं. तापोळा म्हणजे तळ्याची शेपटी, पाणी आधी इथूनच सरतं. आणि नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा तुमच्या-माझ्या मुलांना सुट्टी असते आणि वर महाबळेश्वर ओसंडून वाहत असतं, तेव्हा इथं चिखल! "वरून गाडी येती, काच खाली हुती, फोटू काढत्यात आन् माघारी जात्यात," मावशी म्हणाल्या. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, पण कमाईचे जेमतेम पन्नास-साठ. त्यावर कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने.

पाणी उतरतं म्हणजे जातं कुठं? इथं मावशींचं ते वाक्य आठवा. धरणातल्या पाण्यापैकी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळी-अलोऱ्याकडे वीज करायला जातं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळतं. तळाचं पाणीही वापरता यावं म्हणून १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये तळ्याला खालून भोक पाडलं, 'लेक टॅपिंग' म्हणून पेपरात केवढं कौतुक झालं होतं! उरलेलं पाणी पूर्वेला, आपल्याकडे. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि आमच्या सांगलीच्या नळाला येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमधून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळावर पोचते. ज्या भागात मी लहानपणी टँकरमागे कळशी घेऊन पळाले, तिथं आज डाळिंब आणि द्राक्षं आहेत. मी त्या पाण्याला नाही कशी म्हणू?

२०२३ साली पाऊस कमी झाला. कोयना पूर्ण भरलीच नाही. हिवाळ्यातच सांगलीत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं आणि 'कोयनेतून पाणी सोडा' म्हणून आमच्याकडे आंदोलनं झाली. सातारा विरुद्ध सांगली असा वादही रंगला. आमच्या कॉलनीतल्या बायकाही तावातावानं बोलत होत्या, त्यात मीही होते. त्या वेळी मला एकदासुद्धा आठवलं नाही की, या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला मावशींच्या बोटी आहेत. खरं सांगते, लाज वाटली. मावशींना तसं बोलून दाखवलं, तर त्या उलट माझीच समजूत काढायला लागल्या. "तान्हेल्याला पाणी द्यायचं न्हाई व्हय? आमचं म्हननं येवढंच, आमाला कुनी इचारत न्हाई. कदी सोडणार, किती सोडणार, येवढं जरी आदी कळलं तर पावन्यांना तसं सांगता येतंय. बुकिंगचं पैसं माघारी द्यायची पाळी येती आमच्यावं."

दोन जबर फटके त्याआधीच बसले होते. २०२० चा लॉकडाऊन तुम्हा-आम्हाला सगळ्यांनाच आठवतो. इथं तो नेमका सुट्टीच्या तोंडावर आला आणि मुंबईची पोरं उलटी गावाला आली. खाणारी तोंडं वाढली, येणारा पैसा थांबला. मावशींचे मालक त्याच वर्षी गेले, आजार दुसराच होता पण दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी वेळेवर मिळाली नाही. पुढच्या वर्षी जुलै. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. मावशींच्या भागात माणसं वाचली, पण रस्ते वाहून गेले, भातखाचरं मुरुमानं भरली. बचत गटाच्या बारा जणींपैकी पाच जणी त्यानंतर मुलांकडे कोपरखैरणे-घणसोलीला निघून गेल्या. गट आता सात जणींचा आहे.

आणि आता तो कागद.

रात्री जेवणं झाल्यावर मावशींनी देवघरातून, मालकांच्या फोटोमागून, एक घडी केलेला स्टँप पेपर काढला. "ताई, तुमी शिकल्याल्या हाय. वाचून दावा." पाण्याच्या काठाची, घराखालची अडीच एकर जमीन विकायचं साठेखत होतं ते. घेणारा लांबच्या शहरातला, मावशींनी त्याला पाहिलेलंही नाही. मधला माणूस ओळखीचा, गोड बोलणारा, दर आठवड्याला पेढे घेऊन येणारा. रक्कम वाचून माझेच डोळे विस्फारले. एवढे पैसे मावशींच्या चार पिढ्यांनी पाहिले नसतील. दोन्ही मुलांच्या सह्या झालेल्या. खाली रिकामी जागा, मावशींच्या अंगठ्या-सहीची. त्या सही करतात बरं का, अंगठा नाही. प्रौढ साक्षरता वर्गात शिकल्या आहेत.

आणि अजून एक रिकामी जागा होती. मावशींच्या दोन लेकी, एक मेढ्याला दिलेली, एक साताऱ्याला. त्यांची नावं कागदात होती, पण पुढं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'हक्कसोड घेणे'. म्हणजे बहिणींनी हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं, साडी-चोळी घेऊन. मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे आपण सगळ्याजणी वाचतो आणि माहेरचा कागद आला की न वाचता सही करतो. भावाशी वाकडं नको! मीही केलेली आहे. त्यामुळे मावशींना उपदेश करायचा मला अधिकार नाही, एवढं मी मनाशी म्हटलं.

मुलांचं काय चुकलं, असंही वाटतं. थोरला म्हणाला (तो रविवारपुरता आला होता), "काकी, आईला पाणी दिसतंय. मला हप्ता दिसतोय. तिथं बसून मासं तळून किती दिवस काढायचं? पोराला इंग्रजी शाळा नको का?" सून तर याहून स्पष्ट बोलली. पण तिचं मत नवऱ्यापेक्षा वेगळं होतं. "विकून काय होणार? मोठं रिसॉर्ट होणार. मग मला तिथंच नोकरी देतील. खोल्या झाडायची! आज मी या दोन खोल्यांची मालकीण आहे."

हे तिचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण सगळा प्रश्न त्यात आला आहे.

काठावरची माणसं हवेत गोळ्या मारत नाहीत. आजूबाजूला काय चाललंय ते त्यांना दिसतं. २०१९ मध्ये सरकारनं 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थान प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं. सातारा, पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं त्यात आली, नंतर आणखी शेकडो गावं जोडायचं ठरलं. मार्च २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झालं, वेगाच्या स्कूटर आणि भारीतल्या बोटी आल्या. तापोळा आणि आहिर यांच्यामध्ये मोठा पूल बांधायला घेतला. पूल हवाच होता, जाऊ पाण्यावर गेलेल्या मावशींपेक्षा ते जास्त कोण सांगणार? पण पूल झाल्यावर त्यावरून कोण येणार आणि कुणासाठी येणार, हे कुणी सांगत नाही. आराखडा नकाशात असतो, नकाशा संगणकावर असतो आणि हरकत नोंदवायची मुदत गावाला कळेपर्यंत उलटून जायची वेळ येते.

त्याच २०२४ साली कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावाची बातमी आली, तुम्ही वाचली असेल. जवळजवळ अख्ख्या गावाची शेकडो एकर जमीन बाहेरच्या मूठभर लोकांनी विकत घेतल्याचं उघड झालं आणि प्रशासनाला नोटिसा काढाव्या लागल्या. पुनर्वसनासाठी उठून गेलेल्यांची जमीन, ती! मावशींच्या माणसांना ती बातमी वाचायची गरज नव्हती. मधला माणूस इकडेही येतच होता.

आणि मोठे प्रकल्प नेहमी चालतातच असंही नाही हो. लवासा आठवतंय ना? पुणे जिल्ह्यात वरसगाव धरणाच्या काठावर इटलीतल्या गावासारखं शहर उभं राहिलं, किती गाजावाजा झाला. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. आम्ही एकदा सहलीला गेलो होतो. रंगीत इमारती, बंद दुकानं, आणि तळ्याकाठी चहा विकणारी एकच बाई. ती म्हणाली होती, "जमीन आमचीच होती, आता टपरी लावायला परवानगी लागते." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

डोंगरही किती सहन करणार, हाही प्रश्न आहेच. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालं. कोयना अभयारण्य आणि आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वारणेच्या काठचं चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नियम हवेतच. पण मावशींना गोठ्याचं पत्रं बदलायला दहा ठिकाणी विचारावं लागतं आणि समोरच्या डोंगरावर जेसीबी रात्रंदिवस चालतो. हे कोडं मला सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बचत गटाच्या सातही जणी जमल्या. मी 'आई' धोरणाची माहिती काढून नेली होती. राज्याच्या पर्यटन खात्याचं हे २०२३ चं धोरण खास बायकांसाठी आहे. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल, त्यात निम्म्या तरी बायका कामाला असतील, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा सरकार ठरावीक मर्यादेत देतं. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न! एकीनं विचारलं, "मालकीची म्हंजे कागदावं ना?" सात जणींपैकी एकीच्याही नावावर घर नाही. सातबारा सासऱ्याच्या, आजेसासऱ्याच्या नावावर. दोघींच्या उताऱ्यावर तर अजून मुंबईत, रायगडात असलेल्या वीस-बावीस वारसांची नावं. कर्ज द्यायला बँक आधी तेच कागद मागते. योजना चांगली आहे, पण ती ज्या दारावर येऊन उभी राहते त्या दाराला बाईचं नावच नाही.

तरी त्यांनी सोडलं नाही. मधाचं गाव मांघर त्यांनी जाऊन पाहिलंय. महाबळेश्वर तालुक्यातलंच, २०२२ मध्ये सुरू झालं. मधमाशा पाळणारं गाव, आता लोक मधासाठी आणि ते बघण्यासाठी तिथं जातात. भिलारचं पुस्तकांचं गावही (२०१७) पाहिलंय. तिथं पुस्तकं गावकऱ्यांच्याच घरांत ठेवली आहेत, पाहुणा घरात येतो. "तिथं पावणा घराचा उंबरा चढतो. हितं त्यो तंबूत झोपून जातो, आमचं तोंड बी बघत न्हाई," मावशी म्हणाल्या. मग चर्चा रंगली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीत भाज्या होतात, त्याच उन्हाळ्यात दाखवायच्या. करवंदं, जांभळं, फणसाची सांदणं. कोरड्या सालात पाण्याबाहेर येणारी जुनी देवळं आणि घरांची जोती दाखवायची, पण बोट करून 'हे अमक्याचं घर' असं सांगायला एखादी म्हातारी बरोबर हवी. "सासूबाई असत्या तर त्यांनीच दाखवलं असतं," सून पुटपुटली.

सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिली, "चिखूल बगायला कोन पैसं दील?" तिचंही बरोबर असू शकतं. तिच्या धाकट्याला किडनीचा आजार आहे, तिनं तिचा तुकडा मागच्याच वर्षी विकला. कुणी तिला नावं ठेवली नाहीत.

निघताना मी लेकीला घेऊन खाली पाण्यापर्यंत उतरले. चांगली वीस मिनिटं चालावं लागलं. वाटेत एक दगडी जोतं लागलं, त्यावर उखळाचा खळगा. लेक त्यात हात घालून बसली. म्हणाली, "आई, यात कुणीतरी कांडायचं ना?" फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि मग तिनंच तो परत ठेवला.

ऑगस्टमध्ये मावशींचा फोन आला. इकडे टीव्हीवर कोयनेच्या विसर्गाचे आकडे सरकत होते. सांगलीत २००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या आम्हा बायकांना ते आकडे पाठ होतात. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. मी माळ्यावर सामान चढवून ठेवायच्या विचारात होते.

"किती फूट हाय तुमच्याकडं?" मावशींनी विचारलं.

"अजून खाली आहे. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं भरलं. आंब्याच्या बुंद्याला लागलंय पाणी. लई गोड दिसतंय बगा."

मी कागदाचं विचारलं. कागद फोटोमागंच आहे म्हणाल्या. मधला माणूस नागपंचमीला येऊन गेला, रक्कम वाढवून गेला. थोरला बोलत नाही, धाकटा मधल्या मध्ये लोंबकळतोय. साताऱ्याच्या लेकीनं मात्र हक्कसोडीला नाही म्हणून कळवलंय, आणि सगळ्यांच्या नावांसकट वारसनोंद करून घ्यायला तलाठ्याकडे अर्ज दिलाय. घरात त्यावरून दोन दिवस चूल धड पेटली नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या, "दिवाळीनंतर भिशीच्या बायका किती येनार तेवढं सांगा. आंदा तांदूळ चांगला हाय, काढून ठेवते."

आम्ही चौदा जणी होतो, आता अकरा उरलोय. मी अकराच सांगितलं.